शंभर गाड्या आणि आपली एक गाडी

मोटार घ्यायची असे घरात ठरले, की दोन प्रकारचे सल्लागार ओटीवर येऊन बसतात. एकाच्या हातात कात्रण असते. त्यात गाड्यांची क्रमवारी छापलेली असते आणि पहिल्या नावावर बोट ठेवून तो म्हणतो, "ही घ्या, डोळे मिटून घ्या." दुसऱ्याच्या हातात काही नसते, पण त्याच्या मेहुण्याकडे नेमकी तीच गाडी असते. "पहिली कसली हो! सहा महिन्यांत तीनदा दोर लावून ओढून आणली." कात्रणवाला म्हणतो, मेहुण्याने गाडी नीट सांभाळली नसेल. मेहुण्याचा माणूस म्हणतो, छापणाऱ्यांनी पैसे खाल्ले असतील. चहा होतो, दोघे उठून जातात, आणि घरधनी होता तिथेच राहतो.

आता खरे सांगायचे तर या दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नसतो. मेहुण्याची गाडी तीनदा बंद पडली हेही खरे आणि ती क्रमवारीत पहिली आली हेही खरे. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, एवढेच आज आपल्याला उलगडून पाहायचे आहे. विषय शहरी वाटेल. पण जुनी का होईना, चार चाके दारात यावीत म्हणून कोणी पतपेढीतून कर्ज काढतो, कोणी उसाच्या बिलाची वाट पाहतो. आणि ती गाडी हौसेपुरती नसते. रात्री बाळंतिणीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्याकडे निघाल्यावर ती घाटात उभी राहिली तर कात्रणही उपयोगी पडत नाही आणि मेहुणाही.

या पाहण्यांचे माहेर अमेरिका. तिथे कन्झ्युमर रिपोर्ट्स नावाची ग्राहकांची संस्था आहे. तिची स्थापना १९३६ ची. ती आपल्या नियतकालिकात जाहिरात घेत नाही, आणि तपासणीसाठी लागणाऱ्या मोटारी दुकानातून रोख पैसे मोजून विकत आणते. ही संस्था दरवर्षी आपल्या सभासदांना विचारते, तुमच्या गाडीत गेल्या बारा महिन्यांत काही गंभीर बिघाड झाला काय? गंभीर म्हणजे ज्याने खर्चात पाडले, गाडी बंद ठेवायला लावली, किंवा जिवाला धोका निर्माण केला असा. अलीकडच्या वर्षांत अशा तीन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोटारींची माहिती तिच्याकडे जमा होते. मग एंजिन, गिअरपेटी यांसारख्या मोठ्या दुखण्याला जास्त वजन आणि दार करकरण्याला कमी, असा हिशेब करून क्रम लागतो.

दुसरी पाहणी जे. डी. पॉवर या कंपनीची. ही १९६८ साली निघाली, आणि तिचे पहिले काम घरातल्या टेबलावरच चाले, नवरा-बायको मिळून. पुढे १९७३ च्या सुमारास माझदा कंपनीच्या फिरत्या एंजिनाच्या मोटारींबद्दल मालकांकडून आलेली उत्तरे जुळवताना त्यांच्या ध्यानात आले, की एंजिनातले एक रबरी कडे ठिकठिकाणी निकामी होत आहे. ही बातमी वर्तमानपत्रात आली आणि कंपनीचे नाव झाले. इथे थोडे थांबावेसे वाटते. त्या मालकांपैकी प्रत्येकाला फक्त आपले एंजिन गेल्याचे माहीत होते. कोणी स्वतःला दोष दिला असेल, कोणी मिस्त्रीला, कोणी नशिबाला. शेकडो उत्तरे एका कागदावर आली तेव्हाच दोष कड्याचा आहे हे दिसले. म्हणून ज्यांना पाहणी म्हणजे निव्वळ आकड्यांचा खेळ वाटतो, त्यांच्याशी मी सहमत नाही. जे एका गाडीत दिसत नाही ते शंभर गाड्यांत दिसते.

मात्र शंभर गाड्यांत जे दिसते ते एका गाडीला लावायला गेलो की घोटाळा सुरू होतो.

शेतकरी मंडळींना हे समजायला अवघड नाही. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती किमान ७० टक्के अशी नोंद असते. म्हणजे शंभर दाण्यांत सत्तर उगवतील अशी अपेक्षा. चिमटीत एक दाणा धरून "हा उगवेल का?" असे आपण पिशवीला विचारत नाही. आपण शेत पेरतो, दाणा नाही. एखादा दाणा कुजला म्हणून पिशवी खोटी ठरत नाही. गाडीच्या बाबतीत उलट आहे. तिथे आपण शेत पेरत नाही, एकच दाणा पेरतो, आणि तोही कर्ज काढून. म्हणून पिशवीवरचा आकडा आपल्याला एवढा मोठा आधार वाटतो आणि फसला की एवढा मोठा विश्वासघात वाटतो.

प्रत्यक्ष आकडेच घेऊ. जे. डी. पॉवर कंपनीने २०२४ साली अमेरिकेतील टिकाऊपणाची जी पाहणी जाहीर केली, तीत २०२१ सालच्या बनावटीच्या, म्हणजे तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या पहिल्या मालकांना गेल्या वर्षभरातल्या अडचणी विचारल्या होत्या. सगळ्या गाड्या मिळून सरासरी आली शंभर गाड्यांमागे १९० अडचणी. सर्वांत वरचा क्रमांक लेक्ससचा होता, शंभरामागे १३५. कागदावर १३५ आणि १९० हे अंतर मोठे दिसते. पण एका गाडीवर आणून पाहा. पहिल्या क्रमांकाच्या गाडीला वर्षाला सव्वा ते दीड अडचण, सरासरी गाडीला दोनाला थोडी कमी. फरक निम्म्या अडचणीचा.

आता गुरुजींसाठी थोडे गणित. या अडचणी पावसाच्या थेंबांसारख्या गाड्यांवर कशाही विखुरल्या आहेत असे क्षणभर धरू. मग हिशेब असा येतो, की पहिल्या क्रमांकाच्या शंभर गाड्यांपैकी सुमारे २६ गाड्या वर्षभर एकही तक्रार न देता चालतील. सरासरी गाड्यांपैकी अशा बिनतक्रार गाड्या १५ निघतील. पुढे जाऊन दोघांची जोडी लावू. एका घरी पहिल्या क्रमांकाची गाडी, शेजारच्या घरी सरासरी गाडी, अशी शंभर घरांची जोडपी घेतली तर सुमारे ५० जोडप्यांत पहिल्या क्रमांकाची गाडी कमी त्रास देईल. सुमारे २२ जोडप्यांत दोन्ही सारखाच त्रास देतील. आणि उरलेल्या २७-२८ जोडप्यांत काय होईल? सरासरी गाडीवाला मजेत फिरेल आणि पहिल्या क्रमांकाचा मालक गॅरेजच्या बाकावर बसलेला असेल.

या २७-२८ घरांतलाच एक म्हणजे आपला मेहुणा. तो खोटा नाही, तो अपवादही नाही. चार जोडप्यांमागे एक असा तो ठरलेलाच आहे. फक्त पहिल्या क्रमांकाच्या गाडीने दगा दिला ही गोष्ट गावभर होते, आणि जी पन्नास घरे सुखात आहेत त्यांची बातमी होत नाही. "काल आमची गाडी बंद पडली नाही" असे सांगत पारावर कोण येतो?

मोजले काय, ही याहून महत्त्वाची गोष्ट. वरच्या १९० अडचणी म्हणजे १९० वेळा गाडी रस्त्यात उभी राहिली असे मुळीच नव्हे. त्या पाहणीत सर्वांत जास्त तक्रारी एंजिनाच्या नव्हत्या, गिअरच्या नव्हत्या, तर चालकापुढच्या पडद्याच्या होत्या. फोन जोडला जात नाही, बोललेली आज्ञा यंत्राला कळत नाही, अशा. आपल्याकडे घाटात गाडी थांबणे आणि पडद्यावर गाणे न लागणे या दोन गोष्टी एकाच वहीत एकाच रेघेवर लिहिल्या तर आपण लिहिणाऱ्याला वेड्यात काढू. पण शंभरामागे किती अडचणी, असा साधा आकडा काढला की दोन्ही एकेकच धरल्या जातात.

याचा मोठा मासला २०११ साली पाहायला मिळाला. नवी गाडी घेतल्यावर पहिल्या ९० दिवसांत काय काय खटकले, याचीही जे. डी. पॉवरची पाहणी असते. तीत २०१० साली फोर्ड पाचव्या क्रमांकावर होती. २०११ साली ती एकदम तेविसाव्या क्रमांकावर गेली. कारखाना तोच, कामगार तेच. मग एका वर्षात झाले काय? कंपनीने बटणांच्या जागी हाताने स्पर्श करायचा नवा पडदा बसवला आणि तो लोकांना वापरता येईना. अनेकांच्या मते तो बिघडला नव्हता, मुळातच तसा त्रासदायक होता. पण यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच वेळी स्वयंचलित गिअर हिसके देतात अशाही तक्रारी आल्या होत्या, आणि फिएस्टा व पुढे फोकस या फोर्डच्या दोन गाड्यांच्या गिअरपेटीने नंतर मालकांना कोर्टाच्या पायरीपर्यंत नेले. म्हणजे पडद्याची कुरकुर आणि गिअरपेटीचे खरे दुखणे एकाच आकड्यात बसून खाली घसरले. ज्याने फक्त क्रमांक वाचला त्याला त्यातले कोणते काय हे कळले नाही.

जर्मनीत मोजण्याची रीत निराळी आहे. तिथे मोटारवाल्यांचा आडाक नावाचा प्रचंड मोठा संघ आहे. सभासदाची गाडी रस्त्यात थांबली, की त्याने फोन करायचा आणि संघाची पिवळी गाडी अवजारे घेऊन मदतीला येते. अशा हाका वर्षाला पस्तीस लाखांच्या घरात जातात. त्यांच्या नोंदींवरून संघ १९७८ पासून कोणती गाडी किती वेळा रस्त्यात उभी राहिली याचा हिशेब प्रसिद्ध करतो. इथे मालकाच्या आठवणीचा, रागालोभाचा प्रश्नच नाही. गाडी थांबली, मिस्त्री गेला, वहीत नोंद झाली. आपल्याला घाटाची भीती असेल तर कामाचा हिशेब हा. आणि त्यातून निघते काय? २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत गाड्या उभ्या राहण्याच्या प्रसंगांपैकी सुमारे ४४ टक्क्यांच्या मुळाशी एकच वस्तू होती, ती म्हणजे साधी बारा व्होल्टची बॅटरी! ना एंजिन, ना गिअर. ज्या भीतीपोटी आपण कंपनी-कंपनीची तुलना करत बसतो तिचा निम्म्याच्या जवळ जाणारा भाग कोणत्याही कंपनीच्या गाडीत बदलता येणाऱ्या एका डब्यात आहे.

हा हिशेबही निर्दोष नाही, बरं का. काही कंपन्या गाडीबरोबर स्वतःची मदतसेवा देतात. त्यांचा मालक संघाला हाक न मारता कंपनीला मारतो, आणि मग ती गाडी संघाच्या वहीत कमी वेळा दिसते. शिवाय याच संघाने एकदा स्वतःच्या नावाला चांगलाच बट्टा लावून घेतला. लोकांची आवडती गाडी निवडण्यासाठी तो सभासदांची मते मागवी. २०१४ च्या जानेवारीत उघडकीस आले, की पहिल्या आलेल्या गाडीला प्रत्यक्षात साडेतीन हजारांच्या आतच मते पडली होती आणि आकडा मात्र चौतीस हजारांच्या वरचा सांगितला गेला. क्रमातही ढवळाढवळ झाली होती. संघाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. रस्त्यातल्या बिघाडांचा हिशेब निराळा आणि आवडीची मते निराळी, हे खरे. पण दोन्ही एकाच छापाखाली येत होते. म्हणून क्रमवारी पाहिली की आधी ती मिस्त्रीच्या वहीतून आली आहे, मालकाच्या उत्तरातून आली आहे, की नुसत्या पसंतीच्या मतांतून, हे शोधावे. "सर्वोत्तम मोटार" असे नुसते लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. जाहिरातीत बक्षिसाचा शिक्का छापला असेल तर एवढे लक्षात असू द्या, की जे. डी. पॉवरसारखी कंपनी तो छापण्याच्या परवानगीचे पैसे घेते. यात लबाडी आहे असे नाही, पण ज्या पाहणीत गाडी मागे पडली ती पाहणी जाहिरातीत कधी यायची नाही.

शिक्षकांना यावर वर्गात एक छान पाठ घेता येईल. मुलांच्या सायकलींची पाहणी करावी. फळ्यावर लिहावे : "गेल्या महिन्यात तुमची सायकल किती वेळा बिघडली?" उत्तरे घेऊन बेरीज करावी. मग विचारावे, चेन उतरली ती कोणी मोजली? हवा गेली ती? घंटी वाजत नाही ती? प्रत्येकाने निराळेच धरलेले आढळेल. मग बिघाड कशाला म्हणायचे हे वर्गाने मिळून ठरवावे, म्हणजे "सायकल हातात धरून चालत यावे लागले तरच बिघाड", आणि पुन्हा मोजावे. बेरीज बदलते आणि पुष्कळदा सायकलींचा क्रमही बदलतो. त्यानंतर आणखी एक प्रश्न : ज्यांची सायकल आज घरीच नादुरुस्त पडली आहे आणि म्हणून जे शाळेत आलेच नाहीत, त्यांची उत्तरे कुठे आहेत? सातवी-आठवीच्या मुलांना हा प्रश्न फार आवडतो.

हाच प्रश्न आपल्या पारावरच्या गप्पांनाही लागू आहे. "जुन्या गाड्याच दणकट, आमच्याकडची पाहा, तीस वर्षे झाली." होय, पण तिच्याबरोबर घेतलेल्या बाकीच्या गाड्या भंगारात गेल्या, त्या दिसत नाहीत. जी उरली तीच साक्षीला उभी राहते.

या बाबतीत मुंबईच्या टॅक्सीचे उदाहरण मला नेहमी आठवते. मूळची फियाट ११००, पुढे प्रीमियर पद्मिनी झालेली ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. १९६० च्या दशकापासून ती काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईभर धावली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्यातली शेवटची टॅक्सी मुदत संपून रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाले तिला भरवशाची म्हणत. ती बिघडत नसे काय? भरपूर बिघडे. पाणी तापे, गिअरचा दांडा अडे. पण प्रत्येक नाक्यावर तिचा जाणकार मिस्त्री होता, प्रत्येक भाग स्वस्तात मिळे आणि सकाळी थांबलेली गाडी दुपारी धंद्याला लागे. अमेरिकेच्या पाहणीत अशा गाडीचे हसू झाले असते. टॅक्सीवाल्याच्या भाषेत मात्र भरवसा या शब्दाचा अर्थच निराळा होता. किती वेळा बिघडते यापेक्षा किती लवकर उभी राहते, हे त्याला महत्त्वाचे. ज्या गावापासून कंपनीचे सर्व्हिस सेंटर सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे, तिथल्या माणसानेही हाच अर्थ धरावा असे मला वाटते. वर्षात एकदाच बिघडणारी, पण एका संगणकी भागासाठी पंधरा दिवस शहरात पडून राहणारी गाडी, आणि वर्षात तीनदा बिघडून तिन्ही वेळा तालुक्याच्या मिस्त्रीकडून संध्याकाळी घरी येणारी गाडी, यांत क्रमवारी पहिलीला वर चढवील. आपण कोणती घ्याल?

लौकिकाचेही एक गंमतशीर उदाहरण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे टोयोटा आणि जनरल मोटर्स यांचा १९८४ ते २०१० असा भागीदारीचा कारखाना होता. १९९० च्या दशकात तिथे टोयोटा कोरोला आणि जिओ प्रिझम या दोन गाड्या एकाच छपराखाली तयार होत. आतून त्या जवळजवळ जुळी भावंडेच. नाव आणि वरचे थोडे रूप निराळे. तरीही जुन्या बाजारात कोरोलाला जास्त पैसे मिळत आणि प्रिझमची किंमत लवकर उतरे. ज्याला हे ठाऊक होते तो गुपचूप प्रिझम घेऊन मोकळा होई. मालकाच्या तोंडून येणाऱ्या अनुभवातही हा लौकिक मिसळलेला असतो. नावाजलेल्या गाडीचा भाग बदलावा लागला तर तो म्हणतो, "झीज झाली, चालायचेच." बदनाम गाडीचा तोच भाग गेला तर म्हणतो, "बघा, मी सांगत होतो." आणि ज्याने स्वतःच्या हट्टाने, घरच्यांचे न ऐकता गाडी घेतलेली असते त्याच्याकडून तिची निंदा ऐकायला मिळणे कठीण.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग एका माणसाचा अनुभव म्हणजे वाऱ्यावरची वरात, क्रमवारीच बरी. तसेही नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत जनरल मोटर्सने शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्या जातीच्या काही गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवायला सुरुवात केली. बघता बघता आकडा २६ लाखांवर गेला. दोष होता किल्लीच्या स्विचमध्ये. किल्लीला गुडघा लागला किंवा किल्ल्यांच्या जुडग्याचे ओझे पडले, की स्विच धावत्या गाडीत आपोआप मागे फिरे. एंजिन बंद पडे, सुकाणू जड होई, ब्रेकला मिळणारा जोर जाई आणि धडक बसली तर हवेची संरक्षक पिशवी फुगत नसे. हा भाग एका डॉलरहूनही कमी किमतीचा. मालकांनी याच्या तक्रारी कितीतरी वर्षे आधीपासून केल्या होत्या. कंपनीत त्या "ग्राहकाची गैरसोय" या सदरात टाकल्या गेल्या, सुरक्षिततेच्या नव्हे. पुढे कंपनीने नेमलेल्या भरपाई-व्यवस्थेने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले.

आता विचार करा. लाखो गाड्यांत हा प्रकार तुरळक घडत होता. शंभरामागे किती, या हिशेबात तो दशांशाच्या पलीकडे कुठेतरी हरवला असता. पडद्याच्या तक्रारी त्याच्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त भरल्या असत्या. क्रमवारी किती वेळा हे सांगते, किती भयंकर हे नीट सांगत नाही. "धावती गाडी आपोआप बंद झाली" असे सांगणारा एकटा माणूस होता, आणि त्याचेच ऐकायला हवे होते. म्हणून अनुभव सांगणाऱ्याला मी विचारतो ते असे : किती वेळा बिघडली हे राहू दे, काय झाले ते नेमके सांग. "गाडी बेकार आहे" हे मत झाले. "उतारावर, तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक दाबला तेव्हा एंजिन थांबले" ही माहिती झाली. पहिल्यावर वाद घालता येतो, दुसऱ्यावरून मिस्त्रीला गाडी तपासता येते.

अशा माहितीला आपल्या देशात आता जागा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतील वाहनांसाठी परत बोलावण्याचे सक्तीचे नियम लागू झाले. सुरक्षिततेला धोका असलेल्या एकाच दोषाच्या तक्रारी त्या गाडीच्या वार्षिक विक्रीच्या मानाने ठरलेल्या संख्येपर्यंत पोहोचल्या, की सरकार चौकशी करून कंपनीला त्या गाड्या परत घ्यायला लावू शकते. तक्रार वाहन-मालकाने सरकारच्या संकेतस्थळावर नोंदवायची असते. ज्याला ते जमत नाही त्याने गावातल्या सेवा केंद्रात जाऊन किंवा शाळेतल्या एखाद्या जाणत्या गुरुजींच्या मदतीने नोंदवावी. पारावर शंभर वेळा सांगितलेली तक्रार या मोजणीत शून्य धरली जाते आणि नोंदवलेली एक धरली जाते.

राहता राहिला आपला घरधनी. त्याला बहुधा तीन वर्षांची नव्हे, आठ-दहा वर्षांची, दोन हात फिरलेली गाडी घ्यायची आहे. ज्या गाड्यांची पाहणी झाली त्या पहिल्या मालकाच्या, डांबरी रस्त्यावरच्या, कागदोपत्री वेळेवर तेलपाणी झालेल्या. ही गाडी मुरमाच्या रस्त्यावर, लग्नसराईत नऊ-नऊ माणसे भरून चाललेली. शिवाय नाव तेच ठेवून कंपनीने मध्ये एंजिन बदलले असेल तर पाहणी एका गाडीची आणि खरेदी दुसऱ्या गाडीची, असे होते. त्या वयाला कंपनीच्या क्रमांकापेक्षा मागच्या मालकाचा हात जास्त बोलतो. क्रमवारीचा उपयोग एवढाच करावा, की अनेक वर्षे, निरनिराळ्या पाहण्यांत सतत तळाला राहिलेली गाडी असली तर ती टाळावी. मधल्या दहा-बारा क्रमांकांत कोण वर, कोण खाली, यात फार अर्थ शोधू नये. तिथे फरक बहुधा निम्म्या-पाव अडचणीचाच असतो.

मग तालुक्याच्या गॅरेजात जाऊन मिस्त्रीला "कोणती गाडी चांगली?" असे विचारू नये, कारण तो आपल्या ओळखीच्या गाडीचेच नाव घेईल. "या जातीच्या किती गाड्या तुमच्याकडे येतात, त्या कशासाठी येतात, आणि भाग मिळायला किती दिवस लागतात?" असे विचारावे. हीही एक लहानशी पाहणीच आहे, आणि ती आपल्याच रस्त्यावरची आहे. विकणाऱ्याकडे दुरुस्तीच्या पावत्या मागाव्यात. त्या नसतील तर किती किलोमीटरला काय बदलले हे तोंडी विचारून वहीत तारखेसह उतरवून घ्यावे आणि मिस्त्रीला दाखवावे. सकाळी एंजिन पूर्ण थंड असताना स्वतः किल्ली फिरवून पाहावी. आधीच सुरू करून तापवून ठेवलेली गाडी पाहायला बोलावले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. आणि बॅटरीची पावती मागून ती कोणत्या महिन्यात बसवली ते पाहावे. चार-पाच वर्षे झाली असतील तर नव्या बॅटरीचे पैसे गाडीच्या किमतीतून तिथल्या तिथे वजा करून घ्यावेत.